जेम्स शील्ड्स : आयरिश स्थलांतरित ते अमेरिकी सिनेटर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासात एकोणिसावे शतक हे स्थलांतरितांचे शतक म्हणून ओळखले जाते. या शतकात युरोपातून अमेरिकेत गेलेल्या जनसमूहांमध्ये आयरिश लोकांचे स्थान संख्येने मोठे व राजकीयदृष्ट्या विशेष महत्त्वाचे होते. १८४५ ते १८५२ या काळातील आयर्लंडमधील महादुष्काळात सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. त्यामुळे आयरिश स्थलांतराचा विचार बहुधा या दुष्काळापासून सुरू केला जातो. मात्र दुष्काळापूर्वी अमेरिकेत पोहोचलेली आणि दुष्काळग्रस्त स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा सत्तास्थानी असलेली एक पिढी होती. जेम्स शील्ड्स हे या पिढीचे ठळक प्रतिनिधी होत.

शील्ड्स हे इलिनॉय, मिनेसोटा आणि मिसुरी या तीन वेगवेगळ्या राज्यांचे प्रतिनिधित्व सिनेटमध्ये करणारे अमेरिकेच्या इतिहासातील एकमेव सिनेटर आहेत. तरीही इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने अब्राहम लिंकन यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान देणारा गृहस्थ म्हणून. लिंकनचरित्राच्या तळटीपेत अडकलेला हा माणूस स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो, याचे कारण त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहिलेला दिसतो. परक्या देशातून आलेला मनुष्य 'आपला' केव्हा होतो, आणि ते कोण ठरवते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांच्या जीवनाचा परामर्श घेतला आहे.

जन्मभूमी आणि स्थलांतर

शील्ड्स यांचा जन्म आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात, टायरोन परगण्यातील ऑल्टमोर येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. जन्मतारीख १० मे असली तरी जन्मवर्षाबाबत १८०६ आणि १८१० अशी दोन वर्षे आढळतात. त्यांपैकी १८०६ हे त्यांच्या पुढील आयुष्यक्रमाशी अधिक सुसंगत वाटते. १८२६ च्या सुमारास त्यांनी आयर्लंड सोडले. त्या वेळी ब्रिटिश पार्लमेंटचे दरवाजे कॅथलिकांना बंद होते. डॅनियल ओकॉनेल यांच्या आंदोलनानंतर १८२९ च्या कायद्याने ते उघडले. म्हणजे ज्या तरुणाला जन्मभूमीत धर्मामुळे कायदेमंडळाची पायरी चढता आली नसती, तो तेवीस वर्षांनी वॉशिंग्टनमधील सिनेटच्या दारात उभा राहिला. तेथेही त्याला प्रथम परत फिरावे लागले, ही बाब पुढे येईलच.

इलिनॉयमधील कास्कास्किया हे मिसिसिपी नदीकाठचे जुने फ्रेंच वसाहतीचे गाव. तेथे शील्ड्स स्थायिक झाले. त्यांनी फ्रेंच भाषा शिकवली, कायद्याचा अभ्यास केला आणि १८३२ मध्ये वकिलीची सनद मिळवली. सीमाप्रदेशातील राजकारणात वकिली हाच सर्वांत सोयीचा जिना होता. १८३६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. त्या सभागृहात व्हिग पक्षाच्या बाकांवर लिंकन होते आणि डेमोक्रॅटिक बाकांवर स्टीफन डग्लस. पुढील वीस वर्षे या तिघांच्या वाटा एकमेकींना छेदत राहिल्या.

इलिनॉयची मतपेटी आणि परदेशी मतदार

आयरिश माणसाला इलिनॉयमध्ये एवढी लवकर संधी का मिळाली, याचे उत्तर राज्याच्या १८१८ च्या संविधानात आहे. या संविधानाने मतदानाचा हक्क 'नागरिकां'ना न देता, सहा महिने वास्तव्य असलेल्या सर्व प्रौढ गोऱ्या पुरुष 'रहिवाशां'ना दिला होता. नव्या राज्याला माणसे हवी होती. ती कोठून आली याची चौकशी करण्यास फुरसत नव्हती. १८३६ मध्ये इलिनॉय-मिशिगन कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि त्यावर हजारो आयरिश मजूर आले. त्यांची मते बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला पडत. साहजिकच व्हिग पक्षाने नागरिकत्व नसलेल्यांच्या मताधिकारास न्यायालयात आव्हान दिले. गॅलिना येथून निघालेल्या या खटल्यात परदेशी मतदारांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत डग्लस होते. सर्वोच्च न्यायालयात व्हिग न्यायाधीशांचे बहुमत असल्याने डेमोक्रॅट अस्वस्थ होते. १८४१ मध्ये विधिमंडळाने न्यायालयाची फेररचना करून पाच नवे न्यायाधीश वाढवले. त्यांपैकी एक डग्लस होते. १८४३ मध्ये या न्यायालयावर शील्ड्स यांची नियुक्ती झाली. परदेशी मतदारांच्या वादातून निर्माण झालेल्या न्यायासनावर एक परदेशात जन्मलेला न्यायाधीश बसला, ही घटना केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. मताधिकाराची ही उदारता 'गोऱ्या' या एका शब्दावर उभी होती. संघराज्याचा नागरिकीकरणाचा कायदाही 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'पुरताच होता. याच इलिनॉय राज्याने १८५३ मध्ये कायदा करून स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन वस्ती करण्यास बंदी घातली. आयरिश मजूर गरीब होता, कॅथलिक होता, उपहासाचा विषय होता. तरी कायद्याच्या दृष्टीने तो दाराच्या आतल्या बाजूस होता. शील्ड्स यांच्या उत्कर्षाचा विचार करताना त्यांची बुद्धी आणि जिद्द यांचे श्रेय त्यांना द्यावेच लागते, परंतु हे दार कोणासाठी उघडे होते याचा विसर पडता कामा नये.

लिंकन यांच्याशी द्वंद्व

१८४२ मधील द्वंद्वयुद्धाचा प्रसंग विनोदी किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यामागील आर्थिक प्रश्न मात्र गंभीर होता. १८३७ मध्ये विधिमंडळाने रेल्वे, रस्ते व कालव्यांसाठी प्रचंड कर्ज काढण्याची योजना मंजूर केली होती. तिच्या कट्टर समर्थकांमध्ये लिंकन होते. त्याच वर्षी आलेल्या आर्थिक मंदीने ही योजना कोसळली. फेब्रुवारी १८४२ मध्ये राज्याची बँक बुडाली आणि तिच्या नोटांची किंमत घसरली. शेतकऱ्यांच्या हातात याच नोटा होत्या. अशा वेळी राज्याचे ऑडिटर असलेल्या शील्ड्स यांनी गव्हर्नर व खजिनदार यांच्या सहमतीने आदेश काढला की, करवसुलीत बँकेच्या नोटा न स्वीकारता सोने व चांदीच स्वीकारावी. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने हा निर्णय अपरिहार्य होता. ज्याच्याजवळ चांदीचे नाणे नाही त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो जुलूम होता.

स्प्रिंगफील्डमधील 'सँगमो जर्नल' या व्हिग वृत्तपत्रात 'रिबेका' नावाच्या काल्पनिक खेडवळ विधवेच्या नावाने पत्रे येऊ लागली. त्यांतील एक लिंकन यांनी लिहिले. त्यात कराच्या धोरणावर टीका होती, पण त्याहून अधिक शील्ड्स यांच्या डौलाची, स्त्रियांपुढे मिरवण्याच्या सवयीची टवाळी होती. यापाठोपाठ मेरी टॉड आणि त्यांची मैत्रीण ज्युलिया जेन या दोन तरुणींनी आणखी मजकूर लिहिला. शील्ड्स यांनी संपादकांकडे लेखकाचे नाव मागितले. लिंकन यांनी स्त्रियांना पाठीशी घालून जबाबदारी स्वतःवर घेतली आणि शील्ड्स यांनी त्यांना आव्हान दिले.

आव्हान स्वीकारणाऱ्यास शस्त्र निवडण्याचा अधिकार असे. लिंकन यांनी घोडदळाच्या सर्वांत मोठ्या रुंद तलवारी निवडल्या आणि दोघांमध्ये जमिनीवर एक फळी उभी रोवावी, ती कोणीही ओलांडू नये, अशी अट घातली. सहा फूट चार इंच उंचीच्या आणि लांब हातांच्या लिंकन यांच्यापुढे सुमारे पाच फूट नऊ इंचांचे शील्ड्स या अटीने निष्प्रभ ठरले असते. इलिनॉयच्या कायद्याने द्वंद्वयुद्धास बंदी असल्याने २२ सप्टेंबर १८४२ रोजी ऑल्टन शहरासमोरील, मिसुरीच्या हद्दीतील नदीबेटावर दोन्ही पक्ष जमले. प्रत्यक्ष वार होण्यापूर्वी मध्यस्थांनी समेट घडवून आणला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला लिंकन आणि मेरी टॉड यांचा विवाह झाला. पुढील आयुष्यात लिंकन यांना या प्रसंगाची आठवण काढलेली आवडत नसे.

लिंकनचरित्रकारांनी या प्रसंगात शील्ड्स यांना बहुधा तापट आणि हास्यास्पद रंगवले आहे. ते तापट होते याबद्दल वाद नाही. परंतु निनावी लेखनातून एखाद्या अधिकाऱ्याच्या धोरणाऐवजी त्याच्या व्यक्तिमत्त्वाची चेष्टा करणे हे लिंकन यांच्या कीर्तीला शोभणारे नव्हते, हेही तितकेच खरे. नव्या समाजात प्रतिष्ठेखेरीज दुसरे भांडवल नसलेल्या स्थलांतरिताला ही चेष्टा अधिक झोंबली असल्यास नवल नाही.

मेक्सिकोचे युद्ध

१८४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी शील्ड्स यांची संघराज्याच्या भूमिखात्याच्या आयुक्तपदी नेमणूक केली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले आणि १ जुलै १८४६ रोजी ते स्वयंसेवक दलाचे ब्रिगेडियर जनरल झाले. १८ एप्रिल १८४७ रोजी सेरो गोर्दोच्या लढाईत तोफेच्या छर्‍याने त्यांची छाती भेदली. ते जगणार नाहीत असेच सर्वांना वाटले. परंतु चार महिन्यांत ते पुन्हा रणांगणावर होते. २० ऑगस्टला चुरुबुस्को येथे त्यांनी न्यूयॉर्क आणि साउथ कॅरोलायना येथील पलटणींचे नेतृत्व केले व १३ सप्टेंबरला चापुल्टेपेकच्या हल्ल्यात ते पुन्हा जखमी झाले. इलिनॉय आणि साउथ कॅरोलायना या दोन्ही राज्यांनी त्यांना सन्मानाची तलवार दिली. गुलामगिरीच्या बालेकिल्ल्याने एका कॅथलिक आयरिश माणसाचा असा गौरव करावा, यातच त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना येते.

याच लढायांत आयरिश इतिहासाची दुसरी बाजूही उभी होती. अमेरिकी सैन्यातून पळून जाऊन मेक्सिकोच्या बाजूने लढणाऱ्या, प्रामुख्याने आयरिश कॅथलिक सैनिकांची 'सान पात्रिसिओ' पलटण चुरुबुस्को येथेच पकडली गेली. प्रोटेस्टंट अधिकाऱ्यांकडून होणारा छळ आणि मेक्सिको हा कॅथलिक देश असल्याची जाणीव ही त्यांच्या फितुरीची कारणे सांगितली जातात. त्यांतील सुमारे ५० जणांना फाशी देण्यात आले. ३० जणांना तर गळ्यात फास अडकवून उभे ठेवण्यात आले आणि १३ सप्टेंबरला चापुल्टेपेकच्या किल्ल्यावर अमेरिकी ध्वज चढताच लटकवण्यात आले. शील्ड्स जखमी झाले तो हाच दिवस. एकाच बेटावरून निघालेल्या, एकाच धर्माच्या माणसांपैकी एकाला त्या दिवशी सिनेटची वाट मोकळी झाली आणि तिसांना वधस्तंभ मिळाला. आयरिश-अमेरिकन इतिहासलेखनाने पहिल्याची आठवण जपली. दुसऱ्यांची आठवण अधिक करून मेक्सिकोने आणि आयर्लंडने जपली आहे.

सिनेटच्या दारात

युद्धानंतर ओरेगॉन प्रदेशाचे गव्हर्नरपद शील्ड्स यांना देऊ करण्यात आले. ते त्यांनी नाकारले. (१८४९ मध्ये हेच पद लिंकन यांनीही नाकारले.) त्यांचे लक्ष सिनेटवर होते. त्या काळी सिनेटरांची निवड थेट मतदारांकडून होत नसून राज्याच्या विधिमंडळाकडून होत असे. ही पद्धत १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत कायम होती. १८४९ च्या आरंभी इलिनॉयच्या डेमोक्रॅटिक पक्षात शील्ड्स यांनी विद्यमान सिनेटर सिडनी ब्रीज यांच्यावर मात केली आणि विधिमंडळाने त्यांना निवडून दिले.

तेव्हा नागरिकत्वाचा प्रश्न पुढे आला. अमेरिकी संविधानानुसार सिनेटर होण्यासाठी किमान नऊ वर्षे नागरिकत्व असणे आवश्यक आहे. शील्ड्स यांचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र २१ ऑक्टोबर १८४० चे होते. म्हणजे ४ मार्च १८४९ रोजी, मुदत सुरू होताना, त्यांची नऊ वर्षे पूर्ण होण्यास सात महिन्यांहून अधिक अवधी बाकी होता. हा माणूस १८३६ पासून राज्याचा आमदार होता, ऑडिटर होता, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता, देशासाठी दोनदा गोळ्या झेलून आला होता. तथापि संविधानातील शब्द स्पष्ट होते. शील्ड्स यांनी संतापाच्या भरात ब्रीज यांना धमकीवजा पत्र लिहिले आणि ते प्रसिद्ध झाल्याने त्यांची नाचक्की झाली. त्यांनी राजीनामा देऊ केला. परंतु राजीनामा स्वीकारणे म्हणजे निवड वैध होती असे मान्य करणे, असा मुद्दा काढून सिनेटने तो स्वीकारला नाही. १५ मार्च १८४९ रोजी त्यांची निवडच रद्दबातल ठरवण्यात आली.

मग काय घडले? इलिनॉयच्या विधिमंडळाने ऑक्टोबरअखेर, म्हणजे नऊ वर्षे पूर्ण होताच, त्याच जागेसाठी त्याच माणसाला पुन्हा निवडून दिले. या वेळी सिनेटला हरकत घेता आली नाही. ब्रीज यांच्या समर्थकांना तांत्रिक मुद्द्याने सहा-सात महिन्यांचा विलंब घडवता आला, एवढेच. सभागृहाला सदस्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार आहे, पण प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार राज्याचा आहे, हे दोन्ही सिद्धांत या प्रकरणात एकाच वेळी टिकून राहिले. संसदीय कायद्याच्या अभ्यासकांना म्हणूनच हे प्रकरण आजही उपयुक्त वाटते.

गुलामगिरीचा प्रश्न

सिनेटमध्ये असताना शील्ड्स यांना ज्या प्रश्नाला सामोरे जावे लागले, त्या प्रश्नाने अखेर सारे राष्ट्रच दुभंगले. आयर्लंडमध्ये ओकॉनेल हे गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. १८४१ मध्ये आयर्लंडमधील सुमारे ६० हजार लोकांच्या सह्यांचे एक आवाहन अमेरिकेतील आयरिश बांधवांना पाठवण्यात आले. गुलामगिरीविरोधकांना साथ द्या, असे त्याचे सांगणे होते. पहिल्या सह्यांमध्ये ओकॉनेल आणि व्यसनमुक्तीचे प्रचारक फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या सह्या होत्या. अमेरिकेतील बहुसंख्य आयरिशांनी हे आवाहन धुडकावले. मुक्त झालेला गुलाम आपल्या मजुरीवर गदा आणील ही भीती, ज्या पक्षाने आश्रय दिला त्या डेमोक्रॅटिक पक्षाची भूमिका, आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतील काही प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांचा उघड कॅथलिकद्वेष, अशी त्यामागील कारणे होती. १८४९ च्या डिसेंबरात फादर मॅथ्यू अमेरिकेत आले असता त्यांना सिनेटमध्ये सन्मानाचे आसन द्यावे की नाही, यावर त्या आवाहनावरील सहीमुळे दक्षिणेकडील सदस्यांनी वाद घातला. ठराव मंजूर झाला, पण फादर मॅथ्यू स्वतः या विषयावर गप्प राहिले.

शील्ड्स यांची भूमिका या दोन टोकांच्या मधली होती. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाला गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून प्रवेश देण्यास त्यांनी पाठिंबा दिला. पण १८५४ मध्ये डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला, तेव्हा शील्ड्स यांनी पक्षनिष्ठा व मैत्री सांभाळत त्याला मत दिले. नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतकारांनी ठरवावे, असे या कायद्याचे तत्त्व होते. वरकरणी ते लोकशाहीचे तत्त्व दिसते. ज्यांच्या गुलामीचा निर्णय व्हायचा त्यांना मात्र त्यात मत नव्हते. जमीनदारी आणि धार्मिक विषमता यांचे चटके सोसलेल्या देशातून आलेल्या माणसाने येथे कमी पडावे, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागते. मराठी वाचकाला या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते लोक कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणारे होते. स्वतः अन्यायाच्या मुळाशी जगलेल्या माणसाची दृष्टी दुसऱ्याच्या अन्यायाकडे वळतेच असे नाही. पुण्यातील फुले यांची ती वळली, वॉशिंग्टनमधील शील्ड्स यांची वळली नाही.

१८५५ ची निवडणूक

शील्ड्स यांची मुदत मार्च १८५५ मध्ये संपत होती. या सुमारास 'नो-नथिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परदेशीविरोधी व कॅथलिकविरोधी चळवळीला भरती आली होती. नागरिकत्वासाठी पाच वर्षांऐवजी एकवीस वर्षांच्या वास्तव्याची अट असावी, अशी तिची मागणी होती. १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ या पक्षाने जवळजवळ पूर्णपणे जिंकले. इलिनॉयमध्ये मात्र खरा रोष कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर होता. डग्लस यांनी हे अचूक ओळखले होते. डिसेंबर १८५४ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात सल्ला दिला की, शील्ड्स यांनाच उमेदवार म्हणून कायम ठेवावे आणि त्यांचा पराभव झालाच तर तो ते आयर्लंडमध्ये जन्मले म्हणून झाला, असा दोष विरोधकांच्या माथी मारावा. स्थलांतरिताची अस्मिता स्वपक्षासाठीही कशी सोयीची ढाल होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

८ फेब्रुवारी १८५५ रोजी मतदान झाले. लिंकन यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रानुसार पहिल्या फेरीत त्यांना ४४, शील्ड्स यांना ४१ आणि नेब्रास्का कायद्यास विरोध करणारे डेमोक्रॅट लिमन ट्रम्बुल यांना अवघी ५ मते होती. काही फेऱ्यांनंतर डेमोक्रॅटांनी शील्ड्स यांना बाजूला सारून गव्हर्नर जोएल मॅटसन यांचे नाव पुढे केले. मॅटसन निवडून येण्याचा धोका दिसताच लिंकन यांनी आपली मते ट्रम्बुल यांच्याकडे वळवली आणि दहाव्या फेरीत ट्रम्बुल ५१ मतांनी विजयी झाले. ट्रम्बुल यांची पत्नी म्हणजे 'रिबेका' प्रकरणात लेखणी चालवणारी ज्युलिया जेन. तेरा वर्षांपूर्वी जिने शील्ड्स यांची टर उडवली, तिच्याच पतीने त्यांची जागा घेतली. त्यानंतर मेरी लिंकन यांनी मात्र आपल्या लग्नात करवली असलेल्या या मैत्रिणीशी संबंध तोडले.

मिनेसोटा : जमीन कोणाची?

पराभवानंतर शील्ड्स मिनेसोटा प्रदेशात गेले. राइस परगण्यात त्यांनी शील्ड्सव्हिल ही वसाहत स्थापन केली आणि पूर्वेकडील शहरांतून आयरिश कुटुंबांना तेथे येण्याचे आवाहन केले. शहरांतील कोंदट वस्त्यांमधून बाहेर पडून आयरिश माणसाने जमिनीचा मालक व्हावे, हा त्यांचा विचार होता. आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कुळ म्हणून राबलेल्या माणसाला स्वतःच्या नावाची जमीन ही काय चीज वाटली असेल, हे महाराष्ट्रातील कूळकायद्याचा इतिहास जाणणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. शील्ड्स यांच्या कार्यापैकी हे सर्वांत विधायक आणि टिकाऊ कार्य होय. आसपासच्या एरिन, किलकेनी या आयरिश नावांनी त्याची खूण आजही राहिली आहे.

पण ही जमीन मोकळी नव्हती. १८५१ मधील दोन करारांन्वये डकोटा लोकांकडून मिनेसोटाचा दक्षिण भाग घेण्यात आला होता. करारातील रकमा वेळेवर पोहोचल्या नाहीत, उपासमार झाली आणि १८६२ मध्ये युद्ध पेटले. त्या वर्षी २६ डिसेंबरला मॅन्केटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्या वेळी शील्ड्स मिनेसोटात नव्हते आणि या घटनांशी त्यांचा थेट संबंधही नव्हता. तरीही एका भूमिहीनाला जमीन मिळते तेव्हा ती कोणाच्या पायाखालून निघते, हा प्रश्न शील्ड्सव्हिलच्या इतिहासालाही चुकलेला नाही.

११ मे १८५८ रोजी मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळाला आणि हेन्री राइस व शील्ड्स हे पहिले दोन सिनेटर झाले. मुदत ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या असता शील्ड्स यांच्या वाट्याला अल्प मुदत आली. ३ मार्च १८५९ रोजी ती संपली. राज्यात रिपब्लिकन पक्षाचे प्राबल्य झाल्याने त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही.

यादवी युद्ध आणि अखेरची वर्षे

यानंतर शील्ड्स कॅलिफोर्नियात गेले. १८६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मेरी अॅन कार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा ते मेक्सिकोत खाणीच्या व्यवसायात होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना ब्रिगेडियर जनरल नेमले आणि ते परतले. तलवारींच्या प्रसंगास एकोणीस वर्षे झाली होती. विरोधी पक्षाच्या लोकप्रिय नेत्यांना सेनापतिपदे देऊन युद्धाला व्यापक पाठिंबा मिळवण्याचे लिंकन यांचे धोरण होतेच. तरी जुने वैर मनात ठेवले नाही, याचे श्रेय दोघांनाही दिले पाहिजे.

२२ मार्च १८६२ रोजी शेनान्डोआ खोऱ्यात कर्न्सटाउनजवळ तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशीची लढाई त्यांच्या डिव्हिजनने कर्नल नेथन किंबल यांच्या नेतृत्वाखाली जिंकली. दक्षिणेचे विख्यात सेनापती 'स्टोनवॉल' जॅक्सन यांचा त्या मोहिमेतील हा एकमेव पराभव. ९ जूनला पोर्ट रिपब्लिक येथे मात्र जॅक्सन यांनी शील्ड्स यांच्या सैन्याच्या पुढील तुकड्यांना पराभूत करून हिशेब चुकता केला. मेजर जनरलपदाची बढती अखेर पक्की झाली नाही आणि २८ मार्च १८६३ रोजी शील्ड्स यांनी राजीनामा दिला. सेनापती म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना शौर्य आणि युद्धकौशल्य यांत फरक करावा लागतो. पहिले त्यांच्याजवळ भरपूर होते.

१८६६ मध्ये ते मिसुरीतील कॅरलटन येथे स्थायिक झाले. शेती, व्याख्याने, राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यत्व असा त्यांचा उत्तरकाळ फारशा संपन्नतेत गेला नाही. मिसुरीचे सिनेटर लुइस बोगी यांच्या १८७७ मधील निधनाने रिक्त झालेल्या जागेच्या उरलेल्या मुदतीसाठी जानेवारी १८७९ मध्ये विधिमंडळाने त्यांना निवडून दिले. २७ जानेवारी ते ३ मार्च, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांची ही मुदत. राजकीयदृष्ट्या तिला अर्थ नव्हता. तो वृद्ध सैनिकाचा सन्मान होता. तीन महिन्यांनी, १ जून १८७९ रोजी, व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना आयोवातील ऑटम्वा येथे त्यांचे निधन झाले.

१८९३ मध्ये इलिनॉय राज्याने वॉशिंग्टनच्या संसदभवनातील राष्ट्रीय पुतळादालनासाठी आपला पहिला पुतळा पाठवला. तो लिंकन यांचा नव्हता, डग्लस यांचाही नव्हता. शिल्पकार लिओनार्ड व्होल्क यांनी घडवलेला तो पुतळा शील्ड्स यांचा होता. त्या वेळी कॅरलटनच्या कॅथलिक दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर साधी खूणही नव्हती. ती उभारली जाण्यास त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षे लागली.